गेटवरचा मोर आणि लोखंडी अडकित्ता

किस्से मी मुद्दाम जमवत नाही हो! आमच्या मांडवगण फराट्याला आप्पांची फॅब्रिकेशनची शेड आहे, तिथे ते आपोआप तयार होतात. पत्रा कापताना खाली कतरण पडते ना, तसे. फरक एवढाच, की कतरण वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो आणि किस्से कुणीच नेत नाही. परवा बायको म्हणाली, ‘एकदा काय ते सगळे मिळून कुणाला तरी सांगून टाका, म्हणजे मला जेवताना तेच तेच ऐकावं लागणार नाही!’ म्हणून हा प्रपंच.

आधी माणसं सांगतो. मी शेखर. सणसवाडीच्या एका कंपनीत टूल डिझाइनला आहे. आठवडाभर तिकडे खोलीवर राहतो, गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी गावी येतो. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण वीस वर्षांत माझं डिझाइन सहसा परत आलेलं नाही. ‘सहसा’ हा शब्द मी नंतर घातलाय.

दुसरे आप्पा, आमचे शेजारी. साठी ओलांडलेली, गेट करणारे. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत ‘आप्पांचा मोर’ म्हटलं की लोकांना कळतं. गेटच्या मधोमध पत्र्याचा मोर, मान वळवून मागं बघणारा. आप्पा पत्र्यावर रेघसुद्धा मारत नाहीत. तिसऱ्या काकी, आप्पांच्या मंडळी. घासणं, रंग देणं, पत्रा धरणं, चहा, गिऱ्हाइकाला बसवणं, सगळं त्यांच्याकडे. आणि चौथे दाविदमामा, शिरूरचे टर्नर. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात, सहा दिवस लेथ चालवतात. गुरुवारी त्यांच्या भागात मेंटेनन्सला लाइट जाते, म्हणून मोटरसायकलला किक मारून ते आमच्याकडे येतात. येताना हत्यारांची पिशवी आणि एक तरी तक्रार असतेच!

*

सुरुवात झाली आप्पांच्या अंगठ्यापासून.

चाळीस वर्षं पत्र्याची कात्री दाबून दाबून उजव्या अंगठ्याचा सांधा कामातून गेला होता. सकाळी चहाचा कप धरता येईना, तेव्हा मीच त्यांना गाडीत घालून दौंडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, अंगठा हलवून पाहिला आणि म्हणाले, ‘आप्पा, कात्री बंद.’

‘किती दिवस?’

‘दिवस नाही. कायमची.’

आप्पा म्हणाले, ‘मग मोर काय दातानं कुरतडू?’

डॉक्टर बिचारे चांगले होते. समजूत काढायला म्हणाले, ‘आजकाल लेझरनं सगळं कापून मिळतं की!’

‘मिळतं वो. पर लेझरचं समदं मोर एकाच अंड्यातनं निघाल्यावानी दिसत्यात!’

डॉक्टर हसले. आप्पा हसले नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. यवतला हायवेवर ढाबा असलेल्या बापूसाहेबांनी नवीन बंगला बांधला होता, आणि त्याच्या गेटला समोरासमोर दोन मोर करून द्यायचा शब्द आप्पांनी दिला होता. वास्तुशांतीला तीन महिने होते. सरळ कापायला ग्राइंडर चालतो, पण मोराच्या मानेला तो वळत नाही.

‘शेखर, आता त्यांच्या दारात जाऊन न्हाई जमत म्हणायचं, म्हंजी शेडला कुलूप लावल्यावानीच हाय,’ आप्पा म्हणाले. ‘मोर न्हाई तर गेट कशाला? आडवा बांबू बांधा की.’

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त, चेव चढला. मी स्टिअरिंगवर हात मारून म्हणालो, ‘आप्पा, तुम्ही काळजी सोडा. अंगठा न लावता चालेल असं मशिन मी तुम्हाला डिझाइन करून देतो. हातानंच चालेल, लाइटही लागणार नाही.’

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आदी समोर बघून गाडी चालीव.’

*

पुढच्या गुरुवारी मी डिझाइन घेऊन हजर! तीन रात्री नव्हे, तीन लंच ब्रेक खर्ची घातले होते. खालचं पातं पक्कं बसवलेलं, वरचं पातं लांब दांड्याला जोडलेलं. दांडा तळहातानं खाली ओढला की पत्रा कापला जाणार. आणि खरी करामत बॉडीत होती. नेहमीच्या शिअरमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या मशिनमध्ये, पत्रा आत गेला की बॉडीला अडतो, वळवता येत नाही. मी बॉडी अशी बाजूला वाकवली होती की पत्रा पात्यापाशी कसाही गरगर फिरवावा. गोल कापा, नागमोडी कापा, मोर कापा!

हे सगळं मी मोबाइलवर थ्रीडीमध्ये दाखवलं. बोटानं फिरवून दाखवलं, आतून दाखवलं, खालून दाखवलं. आप्पांनी चष्मा लावून शांतपणे पाहिलं.

‘फिरतंय झ्याक,’ ते म्हणाले. ‘कापतंय का?’

मी लिव्हरेज म्हणजे काय, कटिंग अँगल म्हणजे काय, हे समजावून सांगायला लागलो. दहा मिनिटं झाली असतील. काकी लांबून भांडी घासत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरं शेखर, मोठा अडकित्ता हाय म्हण की! कशाला येवढा घसा कोरडा करतो?’

बरोबर होतं. सुपारीऐवजी पत्रा, एवढंच. त्या दिवसापासून गावात त्याला कुणी शिअर म्हटलं नाही. ड्रॉइंगवर मी मोठ्या हौसेनं इंग्रजीत नाव लिहिलं होतं, त्यावर दाविदमामांनी खडूनं काट मारून ‘अडकित्ता’ लिहिलं.

*

दाविदमामांचा आणि ड्रॉइंगचा एक वेगळाच मामला आहे.

कंपनीच्या सवयीप्रमाणे मी प्रत्येक मापापुढे टॉलरन्स लिहिला होता. पिनच्या भोकाला दोन शतांश मिलिमीटर. मामांनी कागद उन्हात धरला, जवळ आणला, लांब नेला.

‘शेखर, हे शून्य दशांश शून्य दोन काय रे बाबा?’

‘एवढाच फरक चालेल मामा. त्याच्या पुढे नाही.’

मामांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. ‘माझं लेथ माझ्या वडलांनी घेतलंय. मी त्याच्यावर काम करतो, पण त्याला उलट बोलत नाही. हा आकडा मी त्याला दाखवणार नाही. म्हातारं माणूस आहे, उगाच जिवाला लावून घेईल!’

आणि पुढच्या गुरुवारी पिन आणि भोक आणलं, तर पिन तेल लावल्यावरच आत जात होती आणि गेल्यावर हलत नव्हती. मी मुकाट्यानं खिशातला मायक्रोमीटर खिशातच ठेवला.

*

पात्यासाठी आम्ही ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला. हायवेच्या भंगारवाल्याकडे असे पाटे पडलेले असतात. लोखंड उत्तम, पण पातं करायचं तर घासून आकार दिल्यावर लाल तापवून बुडवावं लागतं, म्हणजे धार टिकते.

आप्पांच्या भट्टीत पातं लाल झालं. मामा लोहचुंबक दोरीला बांधून त्याच्याजवळ नेत होते. चुंबक चिकटायचं बंद झालं, की आणखी थोडं तापवून बाहेर काढायचं, ही त्यांची पद्धत. भट्टीशेजारी दोन बादल्या होत्या. एक तेलाची, एक आग लागली तर म्हणून पाण्याची. सांडशी माझ्या हातात होती. मामा ‘आता!’ म्हणाले आणि मी वीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर पातं बुडवलं. पाण्यात!

‘टण्’ असा आवाज आला. बाहेर काढलं तर पात्याचे दोन तुकडे.

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन आठवड्यांची घासाई त्या पात्यात होती. शेवटी मामांनी दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना लावून पाहिले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, ‘शेखर, माणसाचा बाप्तिस्मा पाण्यानं करतात रे. पात्याचा तेलानं!’

दुसरं पातं त्यांनी स्वतः बुडवलं. मला बादलीपासून दहा फूट लांब उभं केलं होतं.

*

जोडणी झाली. पहिली ट्रायल. आप्पांना म्हणालो, ‘थांबा, पहिला कट मी घेतो.’ वीस गेजचा पातळ पत्रा घातला, दांडा ओढला. दांडा लोण्यातून गेल्यासारखा खाली गेला. मी सगळ्यांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

पत्रा कापलाच नव्हता. दोन पात्यांच्या मधे शिरून त्याची सुरेख घडी झाली होती!

आप्पांनी ती घडी हातात घेऊन बोट फिरवलं. ‘चांगली पडली हाय. यवतला कापडाच्या दुकानात ठिवू मशिन. साड्यांच्या घड्या घालील.’

दोन पात्यांतली फट जास्त होती, एवढं मला कळत होतं. किती जास्त, ते कळत नव्हतं. फट मोजायचा फीलर गेज कंपनीत राहिला होता. मी म्हणालो, ‘पुढच्या गुरुवारी आणतो.’ तेवढ्यात काकींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान टरकन फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

‘ह्यो कागूद कापतोय का बघ आदी. कागूद कापंना ती कात्री पत्रा काय कापंल?’

पान पात्यात घातलं. दुमडलं. मग थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापून त्याच्या पट्ट्या पात्यामागं सारत गेलो. एक पट्टी, दोन पट्ट्या, तीन. चौथ्या पट्टीला पान सर्रकन कापलं गेलं. मग पत्रा घातला. तोही कापला, आणि कडा अशी, की बोट फिरवलं तरी कुठं खरखर नाही.

त्या आनंदात आम्ही कॅलेंडरची सगळी मागची पानं कापून टाकली. चालू महिना काकींनी वेळेवर वाचवला.

*

आता दांडा. हिशोबानं मी दांडा चार फुटांचा ठेवला होता, म्हणजे आप्पांना जोर लागू नये. अडकित्ता लाकडी टेबलावर बोल्टनं बसवला. आप्पांनी जाड पत्रा घातला, दांडा धरला आणि ओढला. पत्रा जागच्या जागी राहिला आणि टेबलाचे मागचे दोन पाय वर आले!

मामा टेबलावर जाऊन बसले. ‘आता ओढा.’

आप्पांनी ओढलं. मामांसकट टेबल वर आलं.

शेवटी ठरलं की जमिनीत पक्कं फाउंडेशन करायचं. ट्रॅक्टरच्या जुन्या चाकाची रिम शेडच्या तोंडाशी जमिनीवर ठेवली, त्यात लोखंडी चॅनेल उभं केलं आणि सगळं काँक्रीटनं भरलं. आठ दिवस पाणी मारायचं होतं, म्हणून अडकित्ता अजून चढवला नव्हता. नुसता गोल चौथरा आणि मधे उभं लोखंड. नवीन मशिनची जागा म्हणून काकींनी हळद-कुंकू वाहिलं, दोन फुलं ठेवली.

मी पुढच्या गुरुवारी आलो तर चौथऱ्यावर एक नारळ, उदबत्तीची काडी आणि झेंडूचा हार!

‘हे काय आप्पा?’

‘मळ्यात जाणाऱ्या बाया नमस्कार करून जात्यात. परवा एकीनं इचारलं, कुठला देव बसिवलाय म्हणून.’

‘मग तुम्ही काय सांगितलं?’

‘म्हणलं, अजून बसला न्हाई. गुरुवारी शेखर येऊन बसिवणार हाय!’

*

आता थोडं माझ्या कंपनीबद्दल. आमच्याकडे सेफ्टीचं फार कडक आहे. मशिनभोवती जमिनीवर पिवळी पट्टी असते. चालवणारा एकटाच पट्टीच्या आत, बाकी सगळे बाहेर. एकानं दांडा ओढायचा आणि दुसऱ्यानं हात घालायचा, असं आमच्याकडे कुणी केलं तर त्याला सरळ गेटच्या बाहेर काढतात. आणि ते योग्यच आहे. पात्याला हात ओळखता येत नाही.

म्हणून अडकित्ता चढवला त्याच दिवशी मी आप्पांच्या शेडमध्ये पिवळा ऑइलपेंट आणून चौथऱ्याभोवती चौकोन काढला. वर पाटी लावली, ‘एका वेळी एकच माणूस.’ डिझाइनच तसं होतं. उजव्या हातानं दांडा, डाव्या हातानं पत्रा.

काकी नेहमीप्रमाणे पत्रा धरायला पुढे आल्या. मी दोन्ही हात आडवे केले.

‘काकी, पट्टीच्या बाहेर!’

‘मी?’

‘कुणीही. आता तुम्हाला धरायची गरजच नाही. तुमचाही त्रास वाचला!’

काकी मागं सरकल्या. पट्टीच्या बरोबर बाहेर उभ्या राहून त्यांनी पदराला हात पुसले. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं आपण. दाविदमामांनाही एकदा पट्टीच्या आत पाय पडला म्हणून मी रागावलो. ते म्हणाले, ‘आमच्या चर्चमध्येसुद्धा वेदीच्या इतकं जवळ उभं राहू देतात रे!’

*

आणि मग मोर बिघडला.

मी गोल कापला, झकास. मामांनी नागमोडी कापलं, झकास. आप्पांनी मोर कापायला घेतला. पाय झाले, पिसारा झाला, आणि मानेशी आल्यावर पत्रा कुठच्या कुठं गेला. तयार झालं ते बदक होतं.

‘पहिलाच हाय,’ आप्पा म्हणाले.

दुसरा उंट झाला. तिसऱ्याला मानच आली नाही.

मी म्हणालो, ‘मशिनचा दोष आहे, मी बघतो.’ पात्याचा बाक बदलला. दांड्याला परत वर यायला स्प्रिंग लावली. बॉडी आणखी घासून पत्र्याला जागा केली. तीन गुरुवार गेले. प्रत्येक गुरुवारी मी आत्मविश्वासानं यायचो, प्रत्येक गुरुवारी आप्पा मोर कापायचे आणि प्रत्येक गुरुवारी दुसराच कुठला तरी प्राणी निघायचा. कोपऱ्यात सगळे उभे करून ठेवले होते. मामा म्हणाले, ‘दोन वाघ निघाले की तिकीट लावू!’ त्यावरही आप्पा हसले नाहीत.

वास्तुशांतीला बारा दिवस राहिले होते. आप्पा शेडच्या तोंडाशी बसले आणि स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, ‘शेखर, तुझं मशिन चांगलं हाय. माझाच हात गेलाय. यवतला मी उद्या सांगून येतो.’

आप्पांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी घाबरलो. लोखंडाचा दोष असता तर मी काढला असता. माणसाच्या हातातली कला गेली, तर ती कुठल्या लेथवर करून आणायची?

मामा शिरूरला गेले. आप्पा आत जाऊन पडले. मी चौथऱ्यावर बसून मोबाइलमधला एक जुना व्हिडिओ लावला. मागच्या वर्षी मीच काढला होता, कंपनीच्या ग्रुपवर टाकायला. ‘आमच्या गावचा कलाकार’ असं वर लिहिलं होतं. आप्पा जुन्या कात्रीनं मोर कापतायत. मी मानेचा भाग पुन्हा पुन्हा पाहिला, अगदी सावकाश करून.

आप्पांचं मनगट जागचं हलत नव्हतं. कात्री एकाच जागी उघडत होती आणि मिटत होती. वळत होता तो पत्रा.

आणि पत्र्याच्या पलीकडच्या कडेला हिरव्या बांगड्यांचे दोन हात होते. तेवढेच. बाकीच्या काकी मी काढतानाच फ्रेमच्या बाहेर ठेवल्या होत्या.

मी उठून मागं गेलो. काकी जाळी रंगवत होत्या.

‘काकी, मानेशी पत्रा कोण वळवायचं?’

‘मीच की.’

‘आप्पा सांगायचे, कसा वळवायचा ते?’

‘त्ये काय सांगनार? त्ये कात्री चालवायचं. मान कुठं वळती ते मला ठावं हाय.’

‘मग तीन आठवडे बोलला का नाहीत हो?’

काकींनी ब्रश डब्यावर ठेवला. ‘तू मला पट्टीच्या भाईर काढलंस. म्हणलं, शिकलेलं पोरगं हाय, त्याचा काय तरी हिशोब असंल.’ मग आवाज कमी करून म्हणाल्या, ‘आन् ह्यांचा हात दुखत होता. तवा ह्यांना कसं सांगू, की मोर माझ्या हातात हाय म्हणून?’

वीस वर्षांचा अनुभव, तीन लंच ब्रेक, दोन शतांश मिलिमीटर. सगळं मोजलं होतं. फक्त मोर कोण करतं, तेवढं विचारायचं राहिलं होतं!

काकींना मी अडकित्त्यापाशी घेऊन आलो, स्वतः पिवळ्या पट्टीच्या बाहेर थांबलो आणि म्हणालो, ‘काकी, आत या. एका वेळी एकच माणूस.’

काकींनी पदर खोचला. उजव्या हातात दांडा घेतला, डाव्या हातात पत्रा. दोन-चार तुकडे नुसते कापून पाहिले. दांडा त्यांच्या उंचीला जास्त होता, म्हणून मी पायाखाली फळी दिली. मग पूर्ण पत्रा घातला. पाय, पिसारा, आणि मान आली तेव्हा त्यांनी डावा हात असा हळूच फिरवला, की दांडा थांबलाच नाही. पत्रा पात्याभोवती वळत गेला. चोच निघाली, तुरा निघाला, आणि मोर मान वळवून मागं बघायला लागला.

दांड्याचा आवाज ऐकून आप्पा केव्हाच दारात येऊन उभे होते. त्यांनी मोर उचलला, उलटा केला, सुलटा केला. काकींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेले आणि सगळ्यांना चहा करून आणला. आप्पांनी केलेला चहा मी पहिल्यांदाच प्यालो. त्यात साखर नव्हती. काकी आणि मी तो शेवटपर्यंत प्यालो.

*

यवतची वास्तुशांत मोठी झाली. गेट दोन दिवस आधीच बसवलं होतं. समोरासमोर दोन मोर, दोघंही मान वळवून मागं बघणारे, आणि दोघांच्या माना एकसारख्या नाहीत. येणारा प्रत्येक जण आधी गेटपाशी थांबत होता, फोटो काढत होता आणि मग आत येत होता. मी आणि दाविदमामा मुद्दाम गेटजवळ रेंगाळत होतो. लोक काय म्हणतात ते ऐकायला. लोक एकच म्हणत होते, ‘आप्पांचा मोर!’

आमच्याकडे वास्तुशांतीला कारागिरांचा सत्कार करायची पद्धत आहे. गवंडी, सुतार, प्लंबर, एकेकाला माइकवरून बोलावतात आणि टॉवेल-टोपी, नारळ देतात. पंगत चालू असतानाच हे सगळं होतं. आप्पा, मी आणि मामा एका ओळीत जेवायला बसलो होतो, काकी समोरच्या बायकांच्या ओळीत.

माइकवर गावातलेच एक गुरुजी होते. गवंड्याचा झाला, सुताराचा झाला. मग गुरुजींनी आवाज चढवला, ‘आता ज्यांच्या कलेनं या वास्तूचं प्रवेशद्वार सजलं आहे, ते सुप्रसिद्ध कारागीर, मांडवगणचे आप्पा! मी त्यांना विनंती करतो, की त्यांनी सत्कारासाठी पुढे यावं!’

टाळ्या झाल्या. आप्पा भात कालवत होते.

‘आप्पा, तुम्हाला बोलावतायत,’ मी म्हणालो.

‘ऐकलं मी.’

गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. बापूसाहेब स्वतः ताट घेऊन उभे. आप्पा जागचे हलेनात. मग त्यांनी मान वर करून समोरच्या ओळीकडे पाहिलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘सिंधू, ऊठ. तुला बोलवत्यात.’

मी काकींचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काकी एवढ्याशा झाल्या. ‘अवो, तुम्हाला बोलवत्यात. उठा की! लोक बगाया लागलं.’

‘मला कशापायी? मी काय केलंय?’

दोन्ही ओळींची जेवणं थांबली. काकींच्या शेजारच्या बाईनं त्यांना ढकलून उभं केलं. काकी पदर सावरत, खाली बघत, माइकपर्यंत गेल्या. ताटात टॉवेल-टोपी होती. बापूसाहेब एकदा टोपीकडे बघायचे, एकदा काकींकडे. त्यांच्या मंडळी धावत आत जाऊन साडी घेऊन आल्या. गुरुजी मुरलेले होते, त्यांनी प्रसंग लगेच सांभाळून घेतला.

‘काही हरकत नाही! आप्पांचं जेवण चालू आहे. त्यांच्या वतीनं त्यांच्या सौभाग्यवती हा सत्कार स्वीकारत आहेत...’

आप्पा भरल्या पंगतीत उभे राहिले. उष्टा हात तसाच वर केला.

‘ओ गुरुजी! वतीनं न्हाई!’

गुरुजींनी आप्पांकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं, हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

‘वतीनं न्हाई,’ आप्पा पुन्हा म्हणाले. ‘नाव घ्या तिचं. पुरं घ्या.’

आणि खाली बसून वाढप्याला म्हणाले, ‘वरण आण रं हिकडं. गरम हाय का?’